कारागृहाच्या दारात तुटणारी उपचारसाखळी : बंद्यांसाठी व्यसनोपचार व एचआयव्ही उपचारांची उपलब्धता

सारांश :
अमली पदार्थांचे व्यसन आणि एचआयव्ही संसर्ग हे दोन्ही दीर्घकाळ चालणारे आजार होत. दोहोंवर परिणामकारक औषधे उपलब्ध आहेत. परंतु ती रोज आणि खंड न पडता घेतली तरच उपयोगी पडतात. अटक, न्यायालयीन कोठडी, एका कारागृहातून दुसऱ्या कारागृहात होणारी बदली आणि सुटका या प्रत्येक टप्प्यावर हा क्रम मोडण्याचा धोका असतो. प्रस्तुत लेखात भारतातील कायदेशीर तरतुदी, कारागृहांतील उपचारांची वाटचाल आणि अन्य देशांतील अनुभव यांच्या आधारे या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट केले आहे. भारतातील कारागृहांत बहुसंख्य बंदी न्यायाधीन असल्याने आणि त्यांच्या सुटकेची तारीख आधी माहीत नसल्याने सुटकेनंतरच्या उपचारांची तयारी प्रवेशाच्या दिवसापासूनच करणे आवश्यक आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : न्यायाधीन बंदी, व्यसनोपचार, एआरटी, पर्यायी औषधोपचार, उपचारसातत्य, पुनर्वसन

प्रस्तावना :
कारागृह म्हणजे समाजापासून तोडलेली जागा, असा एक सर्वसाधारण समज आहे. आरोग्याच्या दृष्टीने पाहता हा समज टिकत नाही. कारागृहात दररोज नवे बंदी येतात, जुने सुटतात, काही न्यायालयात तारखेला जाऊन संध्याकाळी परततात, काही संचित रजेवर किंवा अभिवचन रजेवर घरी जातात. कर्मचारी रोज आत-बाहेर करतात, नातेवाईक मुलाकतीसाठी येतात. संसर्ग भिंत ओळखत नाही. त्यामुळे कारागृहातील आरोग्याचा प्रश्न हा सार्वजनिक आरोग्याचाच एक भाग ठरतो.

या प्रश्नाची सर्वांत अवघड बाजू व्यसन आणि एचआयव्ही यांच्या संदर्भात दिसते. गर्द किंवा अन्य अफूजन्य पदार्थ सुईने टोचून घेणाऱ्यांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण मोठे आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या (नॅको) २०२१ च्या पाहणीत देशातील प्रौढ लोकसंख्येत एचआयव्हीचे प्रमाण सुमारे ०.२ टक्के, कारागृहातील बंद्यांमध्ये सुमारे १.९ टक्के आणि सुईने नशा करणाऱ्यांमध्ये सुमारे ९ टक्के असल्याचे दिसून आले. म्हणजे सर्वसाधारण लोकसंख्येच्या तुलनेत बंद्यांमध्ये हे प्रमाण जवळजवळ नऊपट आहे. अमली पदार्थांचे सेवन हा आपल्याकडे दंडनीय अपराध असल्यामुळे आजारी व्यक्ती रुग्णालयाऐवजी अनेकदा प्रथम पोलीस ठाण्यात आणि तेथून कारागृहात पोहोचते. तिला तेथे उपचार मिळतात का आणि सुटल्यावर ते चालू राहतात का, हा या लेखाचा विषय आहे.

उद्दिष्टे :
१) कारागृह, व्यसन आणि एचआयव्ही यांचा परस्परसंबंध स्पष्ट करणे.
२) बंद्यांच्या उपचारांविषयीच्या कायदेशीर तरतुदींचा आढावा घेणे.
३) उपचारात खंड पडण्याची ठिकाणे व त्यांची कारणे शोधणे.
४) उपचारसातत्यासाठी उपाययोजना सुचविणे.

अभ्यासपद्धती :
प्रस्तुत लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून कायदे, शासकीय अहवाल आणि प्रसिद्ध वैद्यकीय संशोधन या दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

१. आजारांचे स्वरूप आणि कारागृहाचे वातावरण :
व्यसन ही मनाची दुर्बलता किंवा नैतिक अधःपतन मानण्याची प्रवृत्ती आजही आढळते. वैद्यकशास्त्र मात्र त्याकडे पुनःपुन्हा उलटणारा दीर्घ आजार म्हणून पाहते. गर्दसारख्या अफूजन्य पदार्थाची शरीराला सवय झाली की तो अचानक बंद केल्यावर अंगदुखी, उलट्या, जुलाब, निद्रानाश आणि पराकोटीची बेचैनी सुरू होते. अटक झालेल्या व्यसनी व्यक्तीच्या बाबतीत हा त्रास बहुधा पोलीस कोठडीतच सुरू होतो. दारूच्या व्यसनात तर अचानक दारू थांबल्याने झटके येणे, भ्रम होणे आणि वेळीच उपचार न मिळाल्यास मृत्यू ओढवणे हेही घडू शकते. म्हणूनच कोठडीतील पहिले काही दिवस वैद्यकीय दृष्ट्या जोखमीचे असतात.

दुसरी बाब अधिक महत्त्वाची आहे. काही आठवडे किंवा महिने नशा न केल्याने शरीराची त्या पदार्थाविषयीची सहनक्षमता कमी होते. ओढ मात्र कायम राहते. कारागृहात नशा थांबली याचा अर्थ आजार बरा झाला असा होत नाही. सुटल्यानंतर त्या व्यक्तीने पूर्वीइतकीच मात्रा घेतली, तर ती आता शरीराला झेपत नाही. श्वसनक्रिया मंदावते आणि मृत्यू येऊ शकतो. ‘जेलमध्ये राहून सुधारला’ असे ज्याच्याविषयी घरचे म्हणतात, त्याच्याच जिवाला सुटकेनंतर सर्वाधिक धोका असतो.

एचआयव्हीच्या बाबतीत औषधाचे सातत्य हाच उपचाराचा गाभा होय. विषाणुरोधक औषधोपचार, म्हणजेच एआरटी, नियमित घेतल्यास रक्तातील विषाणूंचे प्रमाण इतके घटते की रुग्ण दीर्घकाळ निरोगी जीवन जगू शकतो आणि त्याच्यापासून लैंगिक संबंधातून दुसऱ्यास संसर्ग होत नाही. औषध थांबले की काही आठवड्यांतच विषाणू पुन्हा वाढू लागतात. वारंवार खंड पडल्यास औषधांना दाद न देणारे विषाणू निर्माण होण्याची भीती असते. शिवाय एआरटीतील काही औषधे हिपॅटायटिस ‘बी’वरही काम करतात. हा संसर्ग सोबत असताना ती औषधे अचानक बंद केल्यास यकृताचा आजार उफाळून येऊ शकतो.

कारागृहाचे वातावरण या दोन्ही आजारांना पोषक ठरते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातील कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते आणि क्षमतेच्या तुलनेत हे प्रमाण १३१.४ टक्के होते. दाटीवाटीच्या बराकीत क्षयरोग सहज पसरतो आणि एचआयव्ही संसर्गित व्यक्तींना त्याचा धोका अधिक असतो. चोरून आत आलेली एकच सुई अनेकांनी वापरणे, निर्जंतुक न केलेल्या साधनांनी गोंदवणे आणि असुरक्षित लैंगिक संबंध यांतूनही संसर्ग पसरतो. स्कॉटलंडमधील ग्लेनोकिल कारागृहात १९९३ च्या पहिल्या सहामाहीत असाच उद्रेक झाला. तपासणीअंती १४ बंदी एचआयव्ही संसर्गित असल्याचे आढळले. एका कारागृहात, काही महिन्यांत, सुया वाटून घेतल्यामुळे काय होऊ शकते, याचे हे उदाहरण आरोग्यक्षेत्रात आजही दिले जाते.

२. कायद्याची भूमिका : बंदिवासाकडून उपचाराकडे
एचआयव्ही आणि बंदिवास यांचा भारतातील पहिला गाजलेला संबंध गोव्यातील आहे. १९८९ मध्ये डॉमिनिक डिसूझा या तरुणास एचआयव्ही संसर्ग असल्याचे आढळले आणि गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानुसार त्यास सक्तीने वेगळे डांबून ठेवण्यात आले. त्याने कोणताही गुन्हा केलेला नव्हता. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठासमोर या तरतुदीस आव्हान देण्यात आले. परंतु न्यायालयाने ती तरतूद वैध ठरविली. त्या काळी संसर्गित व्यक्तीला कोंडणे हाच प्रतिबंध मानला जात होता.

त्यानंतरच्या तीन दशकांत कायद्याची दिशा पूर्णपणे बदलली. ‘एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७’ हा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. त्याच्या कलम ३१ नुसार राज्याच्या ताब्यात किंवा देखरेखीखाली असलेल्या प्रत्येक व्यक्तीस एचआयव्ही प्रतिबंध, समुपदेशन, तपासणी आणि उपचार सेवा मिळण्याचा हक्क आहे. शिक्षा भोगणारे, खटला चालू असलेले आणि प्रतिबंधक कायद्याखाली स्थानबद्ध असलेले असे सर्वजण त्यात येतात. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि संसर्गाची माहिती उघड करण्यावरही बंधने आहेत. कलम २२ नुसार संसर्गाचा धोका कमी करणारे उपाय, त्यांत व्यसनी व्यक्तींना दिले जाणारे पर्यायी औषधही आले, हे अपराध ठरत नाहीत. मात्र कलम १४ मध्ये एआरटी पुरविण्याची जबाबदारी शासनावर टाकताना ‘शक्य असेल तेथवर’ अशा आशयाची मर्यादा घातली आहे. या शब्दांवर कायदा संमत होतानाच टीका झाली होती.

व्यसनाच्या बाबतीत ‘अमली औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५’, म्हणजे एनडीपीएस कायदा, हा मूळ कायदा होय. कठोर शिक्षांमुळे तो परिचित आहे. त्यातील उपचारविषयक तरतुदी मात्र तितक्या परिचित नाहीत. कलम ६४-अ नुसार सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातील पदार्थाचा आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेतल्यास तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. कलम ३९ नुसार अशा अपराधात दोषी ठरलेल्या व्यसनी व्यक्तीस तिच्या संमतीने, तत्काळ शिक्षा न देता, बंधपत्रावर उपचारासाठी सोडण्याचा अधिकार न्यायालयास आहे. कलम ७१ नुसार उपचारकेंद्रे स्थापन करण्याचा अधिकार शासनास आहे. अर्थात कारागृहात जाण्यापूर्वीच रुग्णास उपचाराकडे वळविण्याची वाट कायद्याने १९८५ चा कायदा व त्यातील दुरुस्त्या यांतून मोकळी केलेली आहे. तिचा वापर आरोपीच्या, वकिलाच्या आणि न्यायालयाच्या माहितीवर अवलंबून राहतो.

‘मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७’ ने मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू व अमली पदार्थांच्या दुरुपयोगाशी निगडित अवस्थांचा समावेश केला. कारागृहातील वैद्यकीय अधिकाऱ्यांना मूलभूत व तातडीच्या मानसिक आरोग्यसेवेचे प्रशिक्षण देणे आणि प्रत्येक राज्यातील किमान एका कारागृहाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य आस्थापना उभारणे, ही कर्तव्येही त्याने शासनावर सोपविली.

आंतरराष्ट्रीय पातळीवर संयुक्त राष्ट्रसंघाच्या महासभेने डिसेंबर २०१५ मध्ये स्वीकारलेले ‘नेल्सन मंडेला नियम’ महत्त्वाचे आहेत. त्यांतील २४ व्या नियमानुसार बंद्यास समाजात उपलब्ध असलेल्या दर्जाचीच आरोग्यसेवा विनामूल्य मिळावी आणि कारागृहातील सेवा सार्वजनिक आरोग्ययंत्रणेशी जोडलेली असावी. एचआयव्ही, क्षयरोग व व्यसन यांच्या उपचारांचे सातत्य राखले जावे, असे या नियमात स्पष्टपणे नमूद केले आहे. ‘सातत्य’ हा येथील कळीचा शब्द होय.

३. कारागृहातील उपचारांची वाटचाल :
भारतात शासनामार्फत विनामूल्य एआरटी १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाली. सुरुवातीच्या आठ केंद्रांत मुंबईच्या सर जे. जे. रुग्णालयाचा समावेश होता. प्रारंभी रुग्णाच्या रोगप्रतिकारक पेशींची संख्या ठरावीक पातळीखाली गेल्यावरच औषधे दिली जात. २०१७ पासून संसर्गाचे निदान होताच उपचार सुरू करण्याचे धोरण आले. दिवसातून एकदा एकच गोळी अशी सुटसुटीत पद्धतही रूढ झाली. कारागृहाच्या दृष्टीने हा बदल फार मोलाचा आहे. कारण बराक बंद होण्याच्या व उघडण्याच्या वेळा ठरलेल्या असतात आणि दिवसातून अनेक गोळ्या घेणे तेथे लपूनही राहत नाही.

व्यसनाच्या क्षेत्रात दिल्लीच्या तिहार कारागृहाने महत्त्वाचे पाऊल टाकले. २००८ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या अमली पदार्थ व गुन्हेविषयक कार्यालयाच्या सहकार्याने तेथे ब्युप्रेनॉर्फिन या औषधाचा पर्यायी उपचार सुरू झाला. या उपचारात रुग्णास गर्दऐवजी, जिभेखाली विरघळणारी गोळी परिचारकाच्या देखरेखीखाली रोज दिली जाते. तिच्यामुळे त्रास व ओढ कमी होते, सुई टोचण्याची गरज राहत नाही आणि रुग्ण शुद्धीवर राहून कामधंदा करू शकतो. ‘एका नशेऐवजी दुसरी नशा’ असा आक्षेप या पद्धतीवर घेतला जातो. मधुमेही व्यक्ती इन्सुलिनवर ‘अवलंबून’ असते, त्याच अर्थाने हा रुग्ण या औषधावर अवलंबून असतो, हे लक्षात घेतल्यास आक्षेपाची धार कमी होते. मेथाडोन हे द्रवरूप औषधही भारतात २०१२ पासून पर्यायी उपचारासाठी वापरले जाऊ लागले.

२०१६ नंतर नॅकोने कारागृहे व तत्सम बंदिस्त संस्था यांसाठी तपासणी, समुपदेशन व उपचारजोडणीचा कार्यक्रम टप्प्याटप्प्याने देशभर नेला. जुलै २०१८ मध्ये राष्ट्रीय विषाणुजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाल्याने सुईने नशा करणाऱ्यांमध्ये सर्रास आढळणाऱ्या हिपॅटायटिस ‘सी’वर साधारण तीन महिन्यांत पूर्ण बरे करणारी औषधे विनामूल्य उपलब्ध झाली.

तथापि, एचआयव्ही आणि व्यसन या दोन सेवांची वाढ सारखी झालेली नाही. एचआयव्हीसाठी राष्ट्रीय कार्यक्रम, ठरलेली औषधे व नोंदीची पद्धत आहे. व्यसनोपचाराची जबाबदारी मात्र आरोग्य विभाग, सामाजिक न्याय विभाग, नॅको व स्वयंसेवी संस्था यांच्यात विभागलेली आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे ७७ लाख व्यक्तींना अफूजन्य पदार्थांच्या समस्येसाठी मदतीची गरज होती आणि सुईने नशा करणाऱ्यांची संख्या सुमारे ८.५ लाख होती. महाराष्ट्रात पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रासारखी १९८६ पासून चालत आलेली परंपरा आहे. परंतु अशा केंद्रांत दाखल होण्यासाठी व्यक्ती मोकळी असावी लागते. कारागृहातील व्यसनी बंद्याच्या वाट्याला बहुधा येते ती केवळ सक्तीची बंदी.

४. कारागृहातील अडचणी :
औषध शासनाकडे उपलब्ध असूनही ते बंद्याच्या हाती न पडण्याची अनेक कारणे असतात.

(अ) प्रवेशाच्या वेळची माहिती : नव्या बंद्याची वैद्यकीय तपासणी प्रवेशाच्या वेळी होते. परंतु गर्दीत उभे राहून ‘मला एचआयव्ही आहे’ किंवा ‘मी गर्द घेतो’ असे सांगण्याचे धैर्य फार थोड्यांना होते. पहिली माहिती दिल्यास आपल्याला वेगळे काढले जाईल आणि दुसरी दिल्यास ती खटल्यात विरुद्ध वापरली जाईल, अशी भीती असते. परिणामी बाहेर व्यवस्थित चालू असलेली एआरटी आत आल्याच्या पहिल्या दिवशीच थांबते.

(आ) गुप्ततेचा अभाव : ठरावीक दिवशी ठरावीक बंद्यांना एआरटी केंद्रात नेले जाते, तेव्हा कोणास कोणता आजार आहे हे संपूर्ण बराकीला कळते. आहारातील बदल किंवा औषधाची बाटली यांवरूनही तर्क केले जातात. कलंकाच्या भीतीने बंदी औषध नाकारतो.

(इ) पोलीस पहारा : कारागृहाबाहेरील रुग्णालयात नेण्यासाठी पोलीस पहारा लागतो. बंदोबस्ताच्या कामांमुळे तो उपलब्ध झाला नाही की भेट पुढे ढकलली जाते. न्यायालयात तारीख असलेल्या दिवशी बंदी पहाटेपासून संध्याकाळपर्यंत बाहेर असतो. त्या दिवशीची पर्यायी औषधाची मात्रा चुकण्याची शक्यता असते.

(ई) औषधांचे परस्परपरिणाम : क्षयरोगावरील रिफाम्पिसिन हे औषध मेथाडोनचा परिणाम कमी करते. त्यामुळे मेथाडोनवर असलेल्या बंद्यास क्षयरोगाचा उपचार सुरू होताच पुन्हा त्रास होऊ लागतो. तो नाटक करतो आहे असे समजून दुर्लक्ष केले गेले, तर तो एक तर क्षयरोगाचे औषध सोडतो किंवा चोरून नशा शोधतो. रिफाम्पिसिनमुळे डोल्युटेग्राविर या एआरटीतील औषधाची मात्राही वाढवावी लागते. तिन्ही आजारांचे उपचार वेगवेगळ्या ठिकाणी होत असतील, तर हा मेळ घालणारे कोणीच उरत नाही.

(उ) सुरक्षा आणि आरोग्य यांतील ताण : जिभेखालची गोळी लपवून दुसऱ्यास विकली जाईल, ही प्रशासनाची शंका निराधार नाही. गोळी भुकटी करून देणे, ती विरघळेपर्यंत रुग्णास समोर बसविणे व नंतर तोंड तपासणे असे साधे उपाय यावर वापरले जातात. सुयांची अदलाबदल हा विषय याहून नाजूक आहे. स्वित्झर्लंडमध्ये १९९२ मध्ये ओबरशोनग्रून कारागृहातील वैद्यकीय अधिकाऱ्याने बंद्यांना निर्जंतुक सुया देण्यास सुरुवात केली आणि पुढे स्पेन व मोल्दोव्हा या देशांनीही तो मार्ग स्वीकारला. भारतीय कारागृहांत अशी सेवा दिली जात नाही. त्यामुळे पर्यायी औषधोपचाराचे महत्त्व येथे अधिकच वाढते.

५. सुटकेनंतरचे पहिले दिवस :
सुटका हा बंद्याच्या दृष्टीने आनंदाचा क्षण असतो. वैद्यकीय दृष्टीने तो सर्वाधिक धोक्याचा काळ होय. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात १९९९ ते २००३ या काळात सुटलेल्या ३०,२३७ बंद्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका सर्वसाधारण लोकसंख्येच्या १२.७ पट होता. केवळ अमली पदार्थांच्या अतिसेवनाने होणाऱ्या मृत्यूचा विचार करता हा धोका १२९ पट होता. सहनक्षमता घटण्याची जी प्रक्रिया वर सांगितली, तिचेच हे संख्यारूप होय.

एचआयव्हीविषयी टेक्सास राज्यातील अभ्यास बोलका आहे. २००४ ते २००७ या काळात सुटलेल्या २,११५ संसर्गित बंद्यांपैकी केवळ ५.४ टक्के व्यक्तींनी पहिल्या दहा दिवसांत, म्हणजे सोबत दिलेली औषधे संपण्यापूर्वी, पुढील औषधे घेतली. तीस दिवसांत हे प्रमाण १७.७ टक्के आणि साठ दिवसांत ३० टक्के होते. या सर्वांना कारागृहात उपचार मिळत होते. जे काम आत वर्षानुवर्षे केले गेले, ते दाराबाहेर दहा दिवसांत वाया गेले.

उलट, साखळी टिकवली तर काय साधते याचेही पुरावे आहेत. ऱ्होड आयलंड या अमेरिकेतील राज्याने २०१६ मध्ये सर्व कारागृहांत व्यसनावरील औषधे उपलब्ध करून दिली आणि सुटकेनंतर बाहेरच्या केंद्राशी बंद्याची जोडणी केली. २०१६ च्या पहिल्या सहामाहीत अतिसेवनाने मृत्यू पावलेल्यांपैकी २६ जण नुकतेच सुटलेले होते. २०१७ च्या पहिल्या सहामाहीत ही संख्या ९ वर आली. इंग्लंडमधील कारागृहांच्या अभ्यासात, पर्यायी औषध चालू असताना सुटलेल्यांमध्ये पहिल्या चार आठवड्यांतील मृत्यूचा धोका सुमारे ७५ टक्क्यांनी कमी आढळला. अमेरिकेत कारागृहात असताना शासकीय आरोग्यविमा जवळजवळ पूर्णपणे थांबतो, ही तेथील मोठी अडचण होती. जानेवारी २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाला सुटकेपूर्वीच्या ९० दिवसांपासून काही सेवा या विम्यातून देण्याची परवानगी मिळाली.

६. भारतीय प्रश्नाचे वेगळेपण : अनिश्चित तारीख
‘सुटकेपूर्वी नव्वद दिवस’ ही कल्पना भारतात जशीच्या तशी आणता येणार नाही, कारण ती सुटकेची तारीख माहीत असल्याचे गृहीत धरते. २०२२ अखेर भारतातील बंद्यांपैकी ७५.८ टक्के न्यायाधीन होते. त्यांची सुटका जामिनावर होते आणि जामीन कधी मिळेल हे वैद्यकीय अधिकाऱ्यास, अधीक्षकास किंवा स्वतः बंद्यासही ठाऊक नसते.

एक नेहमीचा क्रम डोळ्यांसमोर आणावा. दुपारी न्यायालयात जामीन मंजूर होतो. आदेशाची प्रत व हमीची कागदपत्रे पूर्ण होऊन संध्याकाळी कारागृहात पोहोचतात. तोपर्यंत समुपदेशक व औषधनिर्माता घरी गेलेले असतात. नोंदवहीत सही होते, जमा केलेले सामान परत मिळते आणि बंदी दाराबाहेर येतो. त्याचे एआरटीचे कार्ड दवाखान्याच्या कपाटात राहते. त्याचे गाव दुसऱ्या जिल्ह्यात असते. तेथील केंद्रात तो गेलाच, तर जुनी नोंद मागितली जाते. पर्यायी औषधावर असलेल्या बंद्यास दुसऱ्या दिवशी सकाळी मात्रा हवी असते. ती कोठे मिळेल, हे त्यास कोणीही सांगितलेले नसते. येथे कोणी नियम मोडलेला नाही आणि कोणाचा हेतूही वाईट नाही. तरीही उपचार थांबले आहेत.

सामूहिक सुटकेच्या वेळी हीच अडचण अनेक पटींनी वाढते. कोविडच्या साथीत, २३ मार्च २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राज्याराज्यांत उच्चाधिकार समित्या नेमल्या गेल्या आणि महाराष्ट्रासह सर्वत्र मोठ्या संख्येने बंद्यांना तात्पुरते सोडण्यात आले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, काही गंभीर अपराध वगळता, पूर्वी कोणत्याही अपराधात दोषी न ठरलेल्या व्यक्तीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढल्यावर तिला सोडण्याची तरतूद आहे. गर्दी कमी करणाऱ्या या तरतुदी स्वागतार्हच आहेत. परंतु त्यांच्याबरोबर उपचाराची सोय बाहेर गेली नाही, तर एका न्याय्य निर्णयाची किंमत रुग्णास प्रकृतीने मोजावी लागेल.

७. उपाययोजना :
१) सुटकेची तयारी प्रवेशाच्या दिवशी : उपचार सुरू होताच ‘आज सुटका झाली तर’ असे गृहीत धरून पुढील केंद्राचे नाव, पत्ता व रुग्णक्रमांक लिहिलेली चिठ्ठी तयार ठेवावी. तिच्यावर आजाराचे नाव असण्याची गरज नाही.
२) औषधाची पुडी कारागृहाच्या दारात : किमान एक महिन्याची एआरटी, बंद पाकिटात, दिवसरात्र कामावर असणाऱ्या कर्मचाऱ्याकडे क्रमांकानिशी ठेवावी, जेणेकरून रात्री सुटणाऱ्यासही ती मिळेल.
३) सुटकेच्या यादीची देवाणघेवाण : जामिनाचा आदेश येताच कारागृह कार्यालयाने वैद्यकीय विभागास कळवावे. यासाठी नव्या निधीची गरज नाही. नोंदवहीत एक रकाना वाढवणे पुरेसे आहे.
४) कायदेशीर साहाय्याशी जोडणी : राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची अमली पदार्थपीडितांसाठी २०१५ ची योजना आहे. कलम ३९ व ६४-अ यांची माहिती विधी साहाय्य देणाऱ्या वकिलांनी पहिल्याच भेटीत आरोपीस द्यावी.
५) अतिसेवनाविषयी इशारा : सुटणाऱ्या प्रत्येक व्यसनी व्यक्तीस व तिच्या कुटुंबियांस घटलेल्या सहनक्षमतेविषयी स्पष्ट शब्दांत सांगावे. अतिसेवनावर उतारा असलेले नॅलोक्सोन हे औषध जवळच्या रुग्णालयात उपलब्ध असावे. एड्सविषयक १०९७ आणि व्यसनविषयक १४४४६ हे मदत क्रमांक चिठ्ठीवर छापावेत.
६) प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्ते : टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा क्षेत्रकार्य प्रकल्प १९९० पासून बंदी व त्यांच्या पुनर्वसनाचे काम करीत आहे. कारागृह, न्यायालय आणि घर या तिन्ही ठिकाणी पोहोचणारा माणूस किती आवश्यक आहे, हे अशा कामातून दिसते.

या कामात महाविद्यालयांनाही स्थान आहे. विधी महाविद्यालयांची कायदेशीर साहाय्य केंद्रे, समाजकार्य विभागांचे क्षेत्रकार्य, राष्ट्रीय सेवा योजना आणि रेड रिबन क्लब यांचे विद्यार्थी सुटलेल्या व्यक्तीस पहिल्यांदा उपचारकेंद्रापर्यंत सोबत करू शकतात. अनोळखी शहरात, खिशात पैसे नसताना, हातात चिठ्ठी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला पत्त्यापेक्षा सोबतीचा उपयोग अधिक होतो. त्यासाठी विद्यार्थ्यांना गुप्ततेचे नियम आधी शिकविणे अनिवार्य आहे.

समारोप :
गेल्या तीन दशकांत भारतातील कायदा संसर्गित व्यक्तीस डांबण्यापासून डांबलेल्या व्यक्तीस उपचाराचा हक्क देण्यापर्यंत आला. औषधे परिणामकारक व विनामूल्य झाली. बंद्यास न्यायालयाने दिलेली शिक्षा ही स्वातंत्र्य हिरावण्याची असते. आरोग्य हिरावणे हा त्या शिक्षेचा भाग नव्हे. न्यायाधीन बंद्यास तर अद्याप कोणतीही शिक्षा झालेली नसते. अशा स्थितीत उर्वरित त्रुटी कारागृहाच्या भिंतीआड जितकी आहे, त्याहून अधिक ती दारात आहे. कारागृह विभाग आपली जबाबदारी दाराच्या आत संपली असे मानतो आणि आरोग्य विभाग आपली जबाबदारी दाराबाहेर रुग्ण स्वतः आल्यावर सुरू होते असे मानतो. या दोहोंच्या मधील काही पावलांचे अंतर रुग्णास एकट्याने पार करावे लागते. ते अंतर भरून काढण्यासाठी लागणारी साधने मोठी नाहीत : एक चिठ्ठी, महिन्याची औषधे, नोंदवहीतील एक रकाना आणि सोबत चालणारा एक माणूस. जामिनाचा आदेश केव्हाही येऊ शकतो, म्हणून ही तयारीही प्रवेशाच्या पहिल्या दिवसापासून असली पाहिजे.